रॉडरिक व्हेनला वाचवताना

२०१४ साली सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा फिल्म क्लब अखेरचे श्वास घेत होता. सेक्रेटरी प्रबोधदादांनी मला सरळ सांगितलं, "निमिष, आज लोक उठून गेले, तर पुढच्या रविवारपासून अंताक्षरी." सिनेमावर पीएचडी करायला इथे आलेल्या माणसाला याहून मोठी धमकी देता येत नाही.

मी दाखवायला रॉडरिक व्हेनचे सिनेमे निवडले. हॉलिवूडचा जुना नायक. पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी आणि प्रत्येक सिनेमात शेवटी मरण. माझा अख्खा प्रबंध त्या मरणांवर उभा होता.

भर दुपार होती. एसी गारठवत होता, करी पफचा वास दरवळत होता. पहिल्या रांगेत प्रबोधदादांच्या आई, सरोजिनीकाकू, शाल गुंडाळून बसल्या होत्या. मुलाकडे पुण्याहून आलेल्या. पडद्यावरच्या माणसांना सल्ले द्यायची त्यांना जुनी सवय.

खुनी दाराआडून निघाला.

"अरे, मागे बघ की!" काकू ओरडल्या.

"आज्जी, ॲक्टर कॅनॉट हिअर यू लाह," नात इरा म्हणाली.

व्हेनने मागे बघितलं.

गोळी भिंतीत घुसली. हा प्रसंग मला पाठ होता. त्यात भिंतीला काही होत नाही. त्यानंतर सिनेमा आणखी अर्धा तास चालला, व्हेनचं लग्न झालं, हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. माझं तिसरं प्रकरण त्या मांडवातच वारलं.

पुढच्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. "ते सरबत पिऊ नकोस!" त्याने ग्लास कुंडीत ओतला. "त्या विमानात बसू नकोस रे!" तो बसने गेला. आता प्रबोधदादाच उभे राहून ओरडत होते. अंताक्षरीचं कुणी नावही काढेना.

महिनाभराने सिनेमे संपले. लोक मात्र हलेनात. माझ्याकडे उरली होती फक्त एका जुन्या बातमीपटातली व्हेनची खरीखुरी अंत्ययात्रा.

"लाव रे," प्रबोधदादा म्हणाले.

आवाज नव्हता. काळ्या कोटातली माणसं शवपेटी खांद्यावर घेऊन चालली होती.

काकू उठून उभ्या राहिल्या. "ऊठ रे बाळा!"

सगळा हॉल ओरडला. मीही.

माणसं थांबली.

पेटी हळूच खाली ठेवली.

टाळ्यांनी हॉल दणाणला.

मग त्यांच्यातल्या एकाने वाकून झाकणाला कान लावला आणि वर न बघता, हाताने आम्हाला खूण केली, जरा शांत राहा.