बिनसुराची सनई

काम तसं साधंच होतं. पुण्याच्या एका दिवाळी अंकानं राजशेखरला कळवलं होतं, लोकांच्या ध्यानातून गेलेला एखादा अल्बम घ्या, नव्यानं ऐका आणि त्यावर लिहा. राजशेखर कॉलेजात मराठी शिकवायचा, गाण्याबजावण्यावर लिहायचा, आणि बरं लिहायचा हो. त्याला एकच नाव सुचलं. चनबसप्पा सनईवाले.

आता चनबसप्पा कोण, हे नव्या पोरांना कुठून माहीत असणार! अहो, एकेकाळी सोलापुरात चनबसप्पा मोकळा आहे का ते आधी विचारायचे आणि मग लग्नाची तारीख धरायचे. माणूस लई तिरसट, गालात सदा जर्दा, पण सनई तोंडाला लावली की भांडायला उठलेला व्याहीसुद्धा गुमान खाली बसायचा. तो गेल्यावर त्याच्या घरात कॅसेटी निघाल्या. खोलीत एकट्यानंच बसून, टेप चालू करून वाजवलेल्या. एका हौशी माणसानं त्या साफसूफ करून अल्बम काढला, आणि तो सपशेल पडला. पडणारच की! त्यात चौघडा नाही आणि मुख्य म्हणजे सूर नाही. सूर म्हणजे सनईसारखंच दिसणारं वाद्य, पण वाजवायचा फक्त एक स्वर. गाल फुगवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि तोंडातलं वारं काही केल्या तुटू द्यायचं नाही. त्या आधाराशिवाय सनई उघडी पडते. जाणकारांनी लिहून टाकलं, हा अर्धवट रियाज आहे, मध्येमध्ये नुसती शांतता आहे, बाहेर काढायला नको होता.

चनबसप्पाला जन्मभर सूर धरला तो राजशेखरच्या वडिलांनी, निंगप्पांनी. दिवसा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आणि संध्याकाळी चनबसप्पाच्या डाव्या अंगाला. पुढं कापसाच्या तुसानं छाती खाल्ली आणि सूर सुटला. चनबसप्पानं दुसरा माणूस घेतला नाही, सुपाऱ्या घेणंच बंद केलं.

आता निंगप्पा, म्हणजे घरातले आप्पा, सोलापुरातच भवानी पेठेतल्या घरात आतल्या खाटेवर असायचे. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. आई लवकर गेली, तेव्हापासून राजशेखरला बापानंच वाढवलेलं. रात्रीबेरात्री जाग आली की तो आधी कान देऊन आप्पांचा श्वास ऐकायचा आणि मग कूस बदलायचा. हा श्वास एक दिवस ऐकू येणार नाही, या विचारानं कधीकधी उठून खाटेपाशी जाऊन उभा राहायचा.

तो अल्बम मात्र आप्पांनी घरात कधी लावू दिला नव्हता.

"बिनसुराची सनई... घरात नगं," एवढंच म्हणायचे. का, असं विचारलं तर भिंतीकडं तोंड करायचे.

म्हणून त्या दुपारी आप्पांचा डोळा लागल्यावर राजशेखरनं बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला. मे महिना. पेठेत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. खिडकीला त्याच्या बायकोनं, श्रीदेवीनं, ओली चादर लावलेली, तिचा ओल्या सुताचा वास खोलीभर पसरलेला. आत मशीनचे सुस्कारे, बाहेर काही नाही. त्यानं अगदी हळू आवाजात लावलं.

सनई वाजली आणि थांबली. बराच वेळ नुसती टेपची खरखर. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. राजशेखरनं डोळे मिटून ऐकलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस पुढचं विसरून थांबत नाहीये. हा जागा सोडतोय. वाट बघतोय.

मग त्यानं केलं ते कुणाही शहाण्या माणसानं केलं असतं. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप होतं. चनबसप्पाच्या षड्जाला त्याची पट्टी जुळवली आणि चालू केलं.

अहाहा! काय सांगावं! त्या रिकाम्या जागा बघता बघता भरून आल्या. जे तुटक वाटत होतं ते एका धाग्यात आलं. राजशेखरच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं सगळ्यांनी या माणसाला चुकीचं ऐकलं होतं. लेख आता आपोआप होणार होता.

"शेखर..." आतून आप्पांचा आवाज आला. "सूर... कुणी धरलाय?"

"मोबाईलवर लावलाय, आप्पा. बंद करू?"

"न्हाई!" आप्पा केवढ्यांदा ओरडले! मग खोकल्याची उबळ आली. "आता न्हाई बंद करायचं... त्यानं सनई खाली ठेवल्याबिगर... सूर सोडायचा नसतुय. तुटला तर त्यो मला..."

 आणि नेमका तेव्हाच मोबाईल वाजला. सूर तुटला.

"सर, आपल्याला क्रेडिट कार्ड..."

"नको हो बाई!" राजशेखरनं फोन कापला. पण लॅपटॉपमधली सनईही थांबली होती. खरखर चालू होती. कुणीतरी घसा खाकरला आणि जर्द्याचा उग्र वास आला. खरोखरचा वास, नाकाशी.

"निंग्या..." लॅपटॉपमधून आवाज आला. हा अल्बम राजशेखरनं आधी कितीदा तरी ऐकला होता, बाहेर, हेडफोन लावून. त्यात एक शब्दही नव्हता.

आणि आतल्या खोलीत सूर सुरू झाला.

तो धावला. आप्पा, ज्यांना कूस बदलायला दोघं लागायची, ते खाटेवर ताठ बसले होते. नळी छातीवर लोंबत होती. कोनाड्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला त्यांचा जुना सूर ओठांत होता, गाल टम्म फुगलेले. स्वर सरळ, न हलणारा. ओठ निळे पडत चालले होते आणि डोळे मुलाकडं लागले होते. ते डोळे भ्यालेले होते हो, लहान पोरासारखे.

"अहो, नळी! आप्पांची नळी!" श्रीदेवी पिठाच्या हातांनी धावत आली. दोघांनी ओढलं, पण ती हाडकुळी बोटं सुटेनात. राजशेखरनं बाहेर जाऊन लॅपटॉप मिटला, वायर उपसली. सनई वाजतच राहिली. आता ती खाटेशेजारून येत होती. आप्पांच्या उजव्या अंगाला जी रिकामी जागा होती, तिथून.

राजशेखरनं त्या जागेला हात जोडले.

"काका... सोडा त्यांना. त्यांच्यात दम नाही राहिला... मी धरतो. मी धरतो सूर..."

सनई क्षणभर घुटमळली. त्यानं पुन्हा हात घातला, आणि सूर आप्पांच्या ओठांतून अलगद सुटून आला. आयुष्यात ज्यानं जत्रेतली पिपाणी वाजवली नव्हती, त्यानं तो तोंडाला लावला आणि स्वर लागला. आप्पा उशीवर कोसळले. श्रीदेवीनं रडत रडत नळी लावली.

खिडकीतली चादर वाळून कडक झाली, उन्हं उतरली, तरी ते चालूच होतं. शेवटी कधीतरी लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज झाला आणि जर्द्याचा वास विरला. राजशेखरनं सूर खाली ठेवला. आप्पा संथ घोरत होते. पोरगं न जेवता, पाणीसुद्धा न पिता, तिथंच फरशीवर आडवं झालं.

सकाळी आप्पांनी आपल्या हातानं नळी काढून टाकली. डॉक्टर आले, बोटाला लावायचं यंत्र लावून आकडा बघितला, विश्वास बसेना म्हणून दुसरं यंत्र लावलं. "चमत्कारच म्हणायचा," म्हणाले आणि गेले. आप्पा भिंतीला टेकून मोठमोठ्यानं गप्पा मारत होते, कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या अशा. बाहेरच्या खोलीत राजशेखरला हसू आवरेना. भीती होती, नाही असं नाही, पण बाप बोलत होता! श्रीदेवीनं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि ती शेजारी टेकली.

"अहो, मघापासून काय गुणगुणताय? एकच आपलं, ऊंऽऽ..."

"मी? मी गप्पच बसलोय की."

"वा! पुन्हा चालूच. पुरे आता!" तिनं हसत हसत त्याच्या तोंडावर हात ठेवला, तशी ती गुणगुण थांबली.

"...तर त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रंत अशी गर्दी..." आतून आप्पा सांगत होते. ते थांबले. मागाचा धागा तुटावा तसे थांबले. खाट करकरली. भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

श्रीदेवीनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. ऊंऽऽ पुन्हा सुरू झालं.

आत एक लांब श्वास भरला गेला.

"...लई गर्दी हुती बघ, पोरी!" आप्पा म्हणाले. "आनि मला कुटं हाय चहा?"

दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. राजशेखरच्या घशाला कालपासून कोरड पडली होती. हातातल्या कपावर साय धरत होती, आणि तो कप ओठाला लावायचा त्याला धीर होत नव्हता.