मावशींची जागा

आमच्या कारखान्यात ब्रश बनतात. बुटांचे, कपड्यांचे, बाटल्या धुवायचे. कारखाना म्हणायचा एवढंच; आहे ती एक लांबट खोली. खाली लोखंडी सामानाचं दुकान, वर आम्ही. मधोमध मोठं टेबल, त्यावर भोकं पाडलेले लाकडी ठोकळे, केसांचे झुबके आणि तारेची रिळं. झुबका दुमडायचा, तारेच्या फासात धरायचा, भोकातून खेचायचा आणि मागे पीळ द्यायचा. हाताला एकदा वळण लागलं की डोकं लागत नाही. आणि तेच हवं होतं, कारण इथे काम करणाऱ्यांची डोकी कालचा दिवस धरून ठेवत नाहीत.

कुणाचा अपघात झालेला, कुणाचा ताप मेंदूत गेलेला. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरणाऱ्याला कामावर कोण ठेवणार? ताईंनी ठेवलं. "डोकं विसरतं, हात विसरत नाहीत," ताई म्हणायच्या. "मग हातांना पगार द्यायला काय हरकत आहे?"

रोज सकाळी ताई टेबलाभोवती फिरून सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून देत. नावं कुणाच्या डोक्यात रुजत नसत, म्हणून जुन्या कामावरून सांगत. हे ड्रायव्हर. या नर्सबाई. हे सुतार. ड्रायव्हर रोज एकच विनोद करायचे, "माझ्या शेजारी बिनधास्त बसा, माझा परवाना काढून घेतलाय," आणि सगळे रोज पहिल्यांदाच हसायचे. मीही हसायची. देवानं विसरण्यातसुद्धा थोडी दया ठेवली आहे, असं तेव्हा वाटायचं.

सुतार म्हणजे माझा नवरा.

ताप उतरला तेव्हा त्यांना रंधा आठवत होता, त्यांची आई आठवत होती, लहानपणीची गल्ली दुकानांसकट आठवत होती. लग्न तेवढं पुसलं गेलं. रोज सकाळी मी सांगायची, "अहो, मी तुमची बायको." ते मान डोलवायचे आणि फार सभ्यपणे म्हणायचे, "बरं झालं सांगितलंत, बाई." बाई! ज्यानं जन्मभर मला 'अगं'शिवाय हाक मारली नाही, तो माणूस मला बाई म्हणत होता.

त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मी तिथेच तयार ब्रश तपासायचं काम धरलं. आधी मी औषधांच्या दुकानात होते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच बाटलीत असतं, असं मानणारी बाई आहे मी. देव मानते, भुतंखेतं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला भाबडी समजणार नाही.

एका सकाळी ताईंनी ओळखी सुरू करायच्या आधीच नर्सबाईंनी मान वर केली. "मावशी आल्या नाहीत अजून?"

"कोणत्या मावशी?" ताईंनी विचारलं.

"अहो, रोजच्या. खिडकीपाशी बसतात त्या."

"हो की," ड्रायव्हर म्हणाले. "एरवी सगळ्यांच्या आधी हजर."

खिडकीपाशी एक खुर्ची होती खरी. तिच्यावर रिकाम्या खोक्यांची चवड होती. मी आले तेव्हापासून तिथे कुणी बसलेलं नव्हतं. ताईंनाही आठवत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि तेवढ्यात माझा नवरा म्हणाला, "उशीर करायच्या नाहीत त्या. बरं नसेल त्यांना."

माझं हसू तिथेच थांबलं. या माणसाला तासाभरापूर्वी मी चहा दिलेला आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा खोकी खाली काढून भिंतीशी लावलेली होती. कुणी काढली, कुणालाच सांगता येईना. ते साहजिकच होतं. पण खुर्ची पुसलेली होती, आणि शेजारून जाणारा प्रत्येकजण तिला वळसा घालून जात होता, जसं बसलेल्या माणसाच्या पायांना वळसा घालतात.

मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. मावशी दिसतात कशा? नर्सबाई म्हणाल्या, करडी शाल. ड्रायव्हरही म्हणाले, करडी शाल, "आणि हात बर्फ. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला गाडीच्या इंजिनावर बसवायला हवं." माझे यजमान म्हणाले, "बोलतात कमी. ऐकतात फार छान."

मग ब्रश. तपासताना तारेचा पीळ बघायचा असतो. आमच्याकडे सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे पीळ एकाच बाजूला पडतो. त्या आठवड्यात टोपलीत उलट्या पिळाचे ब्रश निघू लागले. काम सुबक, एक केस मागेपुढे नाही. ताईंना दाखवले तर म्हणाल्या, "कुणीतरी हात बदलला असेल, वहिनी. चांगले आहेत ना? मग द्या पाठवून."

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना कुणीतरी आठवतंय, हे चांगलंच नाही का?"

"चांगलं तर! सवत मिळाली मला, तीही न दिसणारी."

लेक हसली. मीही हसले, पण ते वरवरचं. खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. मला जळफळाट होत होता. पहाटे डोळे मिटून मी देवाला विचारायची, तिच्यात असं काय आहे? मी काय कमी पडले?

आणि घरी दिवस वाईट येत चालले होते. संध्याकाळ झाली की ते घाबरायचे. परकी बाई आपल्या स्वयंपाकघरात वावरते आहे, म्हणून एकदा त्यांनी आतून कडी घातली. मी जिन्यात बसून राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, "बाई, कृपा करून तुमच्या घरी जा. माझी माणसं येतीलच आता." शेवटी लेक आली, तिनं समजूत घालून दार उघडवलं.

तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. "आई, आता पुरे. त्यांना स्वतःच्या घरात भीती वाटते गं. ती शहराबाहेरची संस्था आहे ना, तिथे जागा होतेय. पुढच्या महिन्यात नेऊ."

"तिथे मला राहू देतील?"

"नाही ना देत."

"मग मला तेवढा महिना दे."

"महिन्यात काय होणार आहे, आई?"

काय होणार होतं, मला तरी कुठे ठाऊक होतं! पण बुडणारा माणूस हाताला काय लागलं ते बघत बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी यजमानांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मावशींना एक विचाराल? त्या तुमच्या लक्षात कशा राहतात?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. झुबका दुमडून भोकातून खेचला.

पुढच्या सकाळी, घरात, मी अजून काही सांगायच्या आधी ते अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "बाई, तुमचा निरोप होता ना? मावशी म्हणाल्या, माझ्या जागेवर बसायला सांगा. मला आता उठायचंय. फार दिवस बसले."

मावशी सोडल्या तर, ताप आल्यापासून रात्र ओलांडून त्यांच्या डोक्यात राहिलेली ती पहिली गोष्ट.

तुम्ही म्हणाल, तिथेच थांबायला हवं होतं. हो. पण तुम्हाला कुणी तुमच्याच दारातून हात जोडून घालवलेलं नाही.

मी देवाचं नाव घेतलं आणि त्या खुर्चीवर बसले. बैठक उबदार होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. मी हात पुढे केला आणि एक ठोकळा उचलला.

टेबलापलीकडून यजमानांनी मान वर केली.

"आलीस? कुठे होतीस गं इतके दिवस?"

ते उठून माझ्याजवळ आले. लग्नानंतरच्या त्या भाड्याच्या खोलीचं दार बसत नव्हतं, रात्रभर वाऱ्यानं वाजायचं, ते त्यांनी पहाटे उठून रंधलं होतं आणि शेजारी भांडायला आले होते, तेही त्यांनी सांगितलं. मी मध्येच उठून गेले होते आणि आता परतले, असं त्यांचं बोलणं. मी त्यांच्या बाहीत तोंड खुपसून रडले. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, पाणी देऊ?"

त्या मला म्हणाल्या. आनंदात माझ्या ते लक्षातच आलं नाही.

दिवसभर मी त्या जागेवरून हलले नाही. काम करत होते, बोलत होते. संध्याकाळी ताई खिडकी लावायला आल्या. मी म्हटलं, "ताई, ओळखलं हो यांनी मला!" ताईंनी कडी लावली, काचेवरची धूळ बोटानं पुसली आणि निघून गेल्या.

थकल्या असतील, असं म्हटलं.

मग त्यांचा फोनवरचा आवाज आला. "अगं, तुझ्या बाबांना न्यायला कुणी आलं नाही. आई सकाळपासून दिसल्याच नाहीत."

मी उठले. म्हणजे उठायला गेले. पाय जमिनीवर होते, गुडघे धड होते, तरी उठणं काही जमेना. हात मात्र चालू होते. पुढ्यातल्या ब्रशचा पीळ उलटा पडला होता.

लेक धावत आली. "बाबा, आई कुठेय?"

"ही काय, इथे."

"अगं, इथेच आहे मी," मी ओरडले. ती खिडकीबाहेर रस्त्यावर बघत होती.

तिनं मला खूप शोधलं. दवाखाने, पोलीस, नातेवाईक, कुणाकुणाला विचारलं. हे सगळं ती ताईंना सांगायची, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिचं तोंड सुकत गेलं. बाबांना मात्र तिनं संस्थेत पाठवलं नाही. गरजच उरली नव्हती. ते घाबरत नव्हते. रोज सकाळी खुशीत यायचे, मला बघायचे, "आलीस?" म्हणायचे. मी जे मागितलं ते मला मिळालं होतं, अगदी पुरेपूर, रोजच्या रोज. देवाला काय तोंडानं दोष देऊ?

काल बाबांना न्यायला ती उशिरा आली. सुट्टी झालेली होती, खुर्च्या टेबलावर उलट्या चढवलेल्या होत्या. माझी तेवढी खाली होती. ती चढवू लागलं की हे भांडतात. हे माझ्याशेजारी उभे होते. ताई खाली दुकानात गेल्या होत्या.

लेक भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला तिचा आवाजसुद्धा आठवेनासा झालाय. तुम्हाला कशी हो रोज आठवते ती? कशी? विचारा ना तिला."

यांनी माझ्याकडे बघितलं. भाबडा माणूस. "विचारतेय गं ती. काय सांगू?"

उत्तर मला ठाऊक होतं. उत्तर दिलं असतं तर मला उठता आलं असतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"काही बोलत नाही," हे म्हणाले.

लेकीनं खांद्यावरची बॅग काढून माझ्या मांडीवर ठेवली. डोळे पुसले. तोंडावरून हात फिरवला.

"दमले हो, बाबा. बसते जरा," ती म्हणाली आणि बॅग उचलायला गेली.

मी बॅगेचे पट्टे दोन्ही हातांनी पकडले.

तिनं ओढली. आली नाही. तिनं खाली वाकून बघितलं, कुठे खिळ्यात अडकली का, आणि पुन्हा ओढली. जोरात.

मी सोडली नाही.