बादलीचे एकोणीस दिवस

दार उघडणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता, आणि तरी हसत होता. हे काम साधं नाही, हे तिला तिथेच कळायला हवं होतं!

"मिस्त्री कुठे आहेत?" त्याने तिच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

"तुमच्यासमोर उभ्या आहेत," ती म्हणाली आणि हत्यारांची पिशवी सावरत सरळ आत शिरली.

तेवीस वर्षांची होती ती. गिझर दुरुस्तीत बाबांच्या हाताखाली सहा वर्षं गेली होती, आणि याच महिन्यापासून एकटीने घरोघर जायला मिळत होतं. जिना चढताना पाय कसे जमिनीवर ठरत नव्हते!

बाथरूममध्ये पाऊल टाकलं आणि ती बघतच राहिली. भिंतीवरच्या गिझरभोवती लालभडक जाड कापड घट्ट गुंडाळलेलं. वर चक्क शिवण. आणि त्या शिवणीतून टप... टप... गरम पाणी.

"हे काय आहे?"

"बाइंडिंगचं कापड." तो ओशाळला. "मी पुस्तकं बांधतो. म्हटलं, गळतीही बांधून पाहावी..."

"शिवण घालून?"

"दुहेरी."

"मग सोनेरी अक्षरात नाव तेवढं का सोडलंत?" तिला हसू आवरेना. मग एकदम आठवलं. "मेन स्विच बंद केला होतात ना?"

तो छताकडे बघू लागला.

"नाही केला? ओल्या अंगाने चालू गिझरला मिठी मारून बसला होतात?"

"आत्तापर्यंत भीती नव्हती वाटली... तुम्ही ओरडलात आणि वाटायला लागली."

"अगं, चांगल्या चार शिव्या घाल त्याला!" आतल्या खोलीतून त्याच्या आत्याचा आवाज आला. घरात ही दोघंच. "माझं कुठे ऐकतोय!"

तिने स्विच पाडला, टाकी रिकामी केली, खालचं झाकण उघडलं. कॉइलचा वॉशर बिस्किटासारखा हातात चुरला. तो शेजारी बॅटरी धरून उभा. त्याच्या बोटांना खळीचा वास होता, नखांत लाल रंग.

"बॅटरी नटावर धरा."

"धरलीय की."

"तो माझा कान आहे."

बॅटरी दचकून नटावर गेली. मग काय झालं कोण जाणे, नट आवळता आवळता ती बोलतच सुटली. बाबांच्या दुकानाचा नियम असा, की दुरुस्त केलेलं पुन्हा गळलं तर मोठे मिस्त्री, म्हणजे बाबा, स्वतः जाणार. आणि तिच्या हातचं एकही काम महिनाभर परत आलं नाही, तर दुकानाच्या पाटीवर बाबांच्या नावापुढे दोन शब्द चढणार — 'आणि मुलगी'.

"चढणारच," तो म्हणाला. असा म्हणाला, की जणू पाटी त्यानेच रंगवायला घेतलीय.

त्यानंतर त्या घरातून फोन आला नाही. तक्रार नाही म्हणून ती खूश, आणि तक्रार नाही म्हणूनच हिरमुसलेली! एकदा नाही, दोनदा ती उगाचच त्या गल्लीतून गेली. खिडकीत पुठ्ठ्यांच्या चळती तेवढ्या दिसल्या.

एकोणिसाव्या दिवशी बाजारात आत्या भेटली. हातात नवीकोरी, भली मोठी बादली.

"जुनी पुरत नाही गं आता. एकोणीस दिवस झाले, भाचा माझा गिझरखाली बादल्या बदलतोय. दिवसाला सहा! आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय." आत्याने जीभ चावली. "घ्या! सांगितलंच की मी."

त्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर ती कशी पोचली, तिलाच कळलं नाही. त्याने दार उघडलं. हातात बादली होतीच.

"मला कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर तुमचे बाबा आले असते. पाटी गेली असती."

"आणि?"

"आणि... तुम्ही आला नसतात."

"तशीही कुठे आले मी? काय मिळवलंत?"

त्याने खाली बघितलं. "बादल्या."

हसू ओठांपर्यंत आलं होतं, तिने ते गिळलं. "ऐका. माझं काम गळत असेल तर ते आधी मला कळलं पाहिजे. तुमच्या बादलीवर उभी राहिलेली पाटी मला नकोय." आणि तिने तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, माझं काम परत आलंय."

सकाळी बाबा दुखरा गुडघा धरून, कण्हत तीन मजले चढले. झाकण उघडून वॉशर पाहिला. मग पान्याने टाकी वाजवली. वर ठण्ण. खाली थप्प.

"वॉशर चोख बसवलायस. पण तळ सडलाय, पाणी तिथून येतंय. त्या दिवशी तळ वाजवून पाहिला होतास?"

तिने मान ताठ ठेवली. "नाही. माझं चुकलं."

"मग महिना पुन्हा एकपासून." बाबांनी बादली पाहिली, कोपऱ्यातलं लाल कापड पाहिलं, मग त्या दोघांना पाहिलं. "टाकी नवी लागेल. आणि नवी टाकी म्हणजे नवं काम. ते तुझं."

उतरताना ते चक्क शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी नवी टाकी भिंतीवर चढली. तो बॅटरी घेऊन हजर. उजेड अगदी नटावर, इकडे नाही की तिकडे नाही.

"आज फारच शहाणे झालात?"

"आज तुमचं काम बिघडायला नको."

तिने तळ वाजवला. ठण्ण! "पाच वर्षं हिच्याकडे बघायला नको."

उजेड हळूहळू जमिनीवर उतरला. "म्हणजे पाच वर्षं... तुम्ही येणार नाही."

"गिझरसाठी नाही येणार."

एवढंच म्हणाली आणि शांतपणे हत्यारं पुसू लागली. एकच पाना तीनदा पुसून झाला!

"मला तुम्ही आवडता," तो एका दमात म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"माहितीय. बॅटरी कानावर होती ना."

तिने पिशवी उचलली, दारापाशी थांबली, वळली.

"उद्या साडेपाचला येते. हत्यारं घरी ठेवून."