राजदूतच्या पोटातलं तेल

"काका, क्लच सोडा! क्लच सोडा!"

"अगं, सोडलाय! कधीचाच सोडलाय!"

पाझर तलावाच्या चढावर राजदूत मोटरसायकलवर बसलेले राजेंद्रकाका घामाने निथळत होते. इंजिन असं किंचाळत होतं की बांधावरच्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. पण गाडी? ती बैलगाडीपेक्षाही हळू! कशीबशी चार हात पुढे गेली, थांबली आणि चक्क मागे घरंगळायला लागली.

"धरा रे! धरा!"

रंजिता, नवनीत आणि चांदनी धावले आणि तिघांनी मागून खांदे लावले. म्हणून बरं, नाहीतर काका गाडीसकट तलावात गेले असते!

सातवीतली रंजिता दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारहून धानोऱ्याला आली होती. नवनीत राजेंद्रकाकांचा मुलगा, पाचवीत शिकणारा आणि दर तासाला भूक लागणारा. चांदनी शेजारची, रंजिताच्याच वयाची. तिचे आजोबा इंदरमल शेठजी बसस्टँडजवळ तेल आणि सुट्या भागांचं दुकान चालवायचे.

आणि राजदूत होती कौसाबाई आजीची, म्हणजे काकांच्या आईची! काकांची नव्हे, आजीची. आजी बत्तीस वर्षं धडगावच्या डोंगरात नर्स होती. जिथे जीप पोचत नसे अशा पाड्यांवर ती लशींचा डबा मागे बांधून याच फटफटीवर जायची. येत्या रविवारी धडगावला तिचा सत्कार होता, आणि निरोप आला होता, 'बाई, फटफटी घेऊनच या!' गाडी काका चालवणार आणि आजी मागे बसणार, असं ठरलं होतं. आजची चाचणी त्याचसाठी होती.

"खलास!" काका गाडी ढकलत म्हणाले. "हा एवढासा चढ जमत नाही, मग धडगावच्या वाटेवरचा चांदसैलीचा घाट काय चढणार?"

ते तसेच तरातरा बसस्टँडवर गेले, मागोमाग मुलं. तिथे लिंबाच्या झाडाखाली डोंगरसिंग बाबांचं गॅरेज होतं. चहाच्या टपरीवर पंधरा-वीस माणसं उभी होती.

"डोंगरसिंग! काय करी टाकं तू गाडीनं?" काका अहिराणीत ओरडले.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. "काय व्हयनं, राजेंद्रभो? मी दसराले तेल बदलं. चाळीस नंबरनं. कायम टाकस तेच."

"मग चढस काबर नही? जुन्या प्लेटा टाक्या व्हतीन तू! म्हातारी बाई दखी आनि फसाडं!"

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. डोंगरसिंग बाबा फडक्याला हात पुसत राहिले, पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.  या माणसाने तीस वर्षं आजीची गाडी सांभाळली होती!

घरी आल्यावर काकांनी जाहीर केलं, "शनिवारी नंदुरबारहून भंगारवाला येतोय. सत्काराला सगळे मावतील अशी भाड्याची जीप करू."

आजी एवढंच म्हणाली, "नही चढत, तर नही." मग ती उठली आणि पदराने राजदूतची सीट पुसायला लागली.

* * *

"मला एक कळत नाही," दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता रंजिता म्हणाली. "दसऱ्याला आले होते, तेव्हा मी स्वतः मागे बसले होते. तोच चढ, तीच गाडी! तेव्हा ती सुसाट गेली. मग मधल्या दिवसांत झालं काय?"

"म्हातारी झाली," नवनीत म्हणाला.

"तीन आठवड्यांत?" चांदनीने त्याच्या हातातल्या शेंगा काढून घेतल्या. "चल, डोंगरबाबांनाच विचारू!"

डोंगरसिंग बाबा आधी काही सांगायलाच तयार नव्हते. पण रंजिता समोर उकिडवी बसून राहिली, तेव्हा त्यांनी एक जुना क्लच पुढ्यात ओढला.

"हाई दख, पोरी. या गाडीले दोन तेल लागतस. एक पेट्रोलमा मिसळाडानं, ते इंजिननं. ते जळी जास. दुसरं गिअरनं. ते पोटमा ऱ्हास. या क्लचन्या प्लेटा शेत ना, त्या त्याच तेलमा बुडेल ऱ्हातस."

त्यांनी दोन प्लेटा एकमेकींवर दाबून धरल्या. "इंजिन एकीले फिरावस. तिनी दुसरीले धरं, का चाक फिरस. धरंच नही तर इंजिन बोंबलस आनि गाडी जागावर!"

"म्हणजे कालच्यासारखं!" नवनीत ओरडला. "मग धरत का नाहीत त्या?"

"प्लेटा झिजन्या व्हतीन. पन त्या मी औंदाच नव्या टाक्यात. नही तर तेल बदलनं व्हई."

"मग तुम्हीच येऊन बघा ना!" चांदनी म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "जठे माले चोर म्हनतस, तठे मी कसा येऊ?" जुना क्लच बाजूला सारून ते हळूच म्हणाले, "खाले तेल काढाना बोल्ट शे. त्याले मी तांबानं वायसर टाकेल शे. ते शे का नही, तेवढं दखा."

तिघं घरी पळाले. काका शेतावर होते. नवनीत सगळ्यात लहान, म्हणून तोच गाडीखाली घुसला.

"दिसतंय का वायसर, तांब्याची चकती?"

"नाही! इथं पांढरं काहीतरी गुंडाळलंय. फितीसारखं!"

रंजिताने वरचं झाकण फिरवून काढलं आणि सायकलची स्वच्छ तार आत बुडवली. दसऱ्याला डोंगरसिंग बाबांनी ओतलेलं तेल तिला आठवत होतं. काकवीसारखं दाट, संथ धारेचं. तारेवरून आता टपटप ओघळत होतं ते पातळ आणि हिरवट!

"हे डोंगरबाबांचं तेल नाहीच!" ती कुजबुजली. "मधे कुणीतरी बदललंय!"

"चोर!" चांदनीचे डोळे चमकले. "जुनं तेल चोरणारा चोर!"

"अगं, चोर जुनं तेल नेईल आणि नवं ओतून जाईल होय?"

नवनीत गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. बोटावर पांढऱ्या फितीचा तुकडा होता.

"ही नळाची टेप आहे," तो हळूच म्हणाला. "आमच्या मोरीचा नळ गळत होता ना, तेव्हा माझ्या बाबांनी आणली होती. दिवाळीच्या आधी."

नवनीत घरात गेला आणि एक कापलेला प्लास्टिकचा डबा घेऊन आला. आईने त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. डब्यावर चकचकीत मोटारीचं चित्र होतं.

"माझ्या बाबांनी आमच्या नव्या कारचं तेल आणलं होतं," तो म्हणाला. "त्यातलं उरलं होतं."

* * *

इंदरमल शेठजींनी चष्मा कपाळावर सरकवून डब्यामागची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अरे राम! तेल चांगलं आहे, बेटा. एक नंबर! पण मोटारीसाठी. यात घसरण वाढवायचं औषध असतं. मोटारीचा क्लच कोरडा, त्याला तेल लागतच नाही. राजदूतचा क्लच तेलात बुडालेला. तिथे हे घातलं तर प्लेटा एकमेकींना धरतील कशाला?"

"मग दादाजी, आपण सगळ्यात घट्ट तेल घालू!" चांदनीने फळीवरचा डबा दाखवला. "हे नव्वद नंबरचं!"

"ते ट्रॅक्टरच्या गिअरला. राजदूतमधे टाकलं तर प्लेटा चिकटून बसतील, थंडीत सकाळी गिअरच पडणार नाही. महाग नाही, घट्ट नाही, जे त्या गाडीचं तेच!" त्यांनी साधा, धुळकट डबा काढून पुसला. चाळीस नंबर. "हे ने. कौसाबाईंना माझ्याकडून. माझी चांदनी त्यांनीच तर तपासली होती, जन्मली तेव्हा."

"पण माझ्या बाबांना कोण सांगणार?" नवनीतचा आवाज रडवेला झाला. "ते सगळ्यांसमोर डोंगरबाबांना बोलले. आता सगळे बाबांनाच हसतील."

रंजिताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही ते नको होतं. काका तापट होते, पण वाईट नव्हते.

"आधी गाडी चढवू," ती म्हणाली. "मग सांगू. गाडी गेल्यावर सांगून काय उपयोग? उद्याच शनिवार आहे."

नवनीतने डोळे पुसले. "उद्या बाबा भंगारवाल्याला आणायला नंदुरबारला जाणार आहेत, मीही सोबत जातो. भंगारवाल्याला यायला उशीर होईल, ते माझ्याकडे लागलं!"

* * *

शनिवारी सकाळी काका आणि नवनीत गेले आणि रंजिताने आजीपुढे सगळं मांडलं. टेप, तार, डबा. आजी ऐकत राहिली. मग तिने चपला घातल्या आणि थेट लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"डोंगरसिंग, गाडी मन्ही शे. मी बलावाले येल शे. मन्हा पोऱ्या चुकना. तू चाल."

डोंगरसिंग बाबांनी पान्यांची पिशवी उचलली. 

अंगणात घाई उडाली! आधी बाबांनी इंजिन चालू करून गरम केलं. "थंड तेल तळले बशी ऱ्हास. गरम व्हयनं का सगळं निंघस," ते म्हणाले. रंजिताने खाली घमेलं धरलं. बोल्ट सुटला आणि हिरवट धार पडली. बाजूचं झाकण निघालं, एकेक प्लेट बाहेर आली. चांदनीने त्या पेट्रोलने धुतल्या, पुसल्या, आजीने चष्मा लावून तपासल्या.

"हाई अजून धुव. इठे चिकटेल शे."

"आजी, तुम्ही नर्स आहात की मेकॅनिक?" चांदनीने विचारलं.

"डोंगरमा दोन्ही व्हती, बेटा!"

नव्या तेलात बुडवून प्लेटा परत बसल्या. तांब्याचं नवं वायसर लागलं. मापाने तेल ओतलं, झाकण बंद झालं. सूर्य डोक्यावर आला होता. तेवढ्यात लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

"आले!" चांदनी किंचाळली. "चला, चढावर चला!"

बाबांनी किक मारली. गाडी पहिल्याच दणक्यात बोलू लागली. ते सीटवर बसणार, इतक्यात आजीने पदर खोचला.

"सरक. आते तू बठ मन्हा मांगे!"

"बाई, तुमनं वय..."

"बठ म्हनं ना!"

राजेंद्रकाकांना घेऊन भंगारवाल्याचा टेम्पो तलावाच्या वळणावर आला, तेव्हा समोरून राजदूत येताना दिसली. पुढे कौसाबाई आजी, ताठ! मागे डोंगरसिंग बाबा, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेले! त्यांच्या मागे धुळीतून रंजिता आणि चांदनी पळत होत्या. आजीने गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी चढाला लागली. इंजिन किंचाळलं नाही, नुसतं भरल्या आवाजात घुमलं. बघता बघता गाडी बांधावर!

"चढली! चढली!" रंजिताने टाळ्या पिटल्या.

टेम्पोतून नवनीतने उडी मारली. "जमलं? मी तीन प्लेट शेव-जिलबी खाल्ली गं! बाबा निघायचं म्हणाले की मी परत मागायचो! पोट फुटायची वेळ आली!"

काका मात्र जागीच उभे होते. आजी गाडी घेऊन खाली आली. नवनीतच पुढे झाला आणि त्याने वडिलांच्या हातात तो कापलेला डबा ठेवला.

"बाबा, हे तेल तुम्ही राजदूतमधे घातलं होतं ना?"

काकांनी डब्याकडे बघितलं. "घातलं होतं. सगळ्यात भारी तेल आहे ते. वाटलं, मायची गाडी मखमलीसारखी चालेल. सत्काराला जायचं..." मग घमेल्यातलं तेल, प्लेटा, औषध, सगळं रंजिताने भडाभडा सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पडत गेला. "चांगल्या तेलाने गाडी बिघडेल, असं मनातच आलं नाही माझ्या."

"आनि रागमा तू चांगला मानूसले चोर म्हनना," आजी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण काकांनी मान खाली घातली.

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. काका मात्र डोंगरसिंग बाबांना घेऊन बसस्टँडवर गेले, त्याच टपरीसमोर. तिथे त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक मन्ही व्हती. डोंगरसिंगनी नही. माले माफ कर, भो." बाबांनी त्यांचा हात धरला आणि टपरीवाल्याला आठ चहा सांगितले. नवनीतने आयुष्यात पहिल्यांदा बिस्किटाला नको म्हटलं.

* * *

रविवारी राजदूत चांदसैलीचा घाट एका दमात चढली. गाडी काका चालवत होते आणि आजी मागे बसली होती. पाठोपाठ जीपमध्ये मुलं, इंदरमल शेठजी आणि डोंगरसिंग बाबा होते. बाबांना आणायला काका स्वतः पहाटे गेले होते. धडगावला ढोल वाजत होते. आजीने ज्यांना सुई टोचली होती ती मुलं आता बाप्ये झाली होती. तीही तिच्या पाया पडत होती.

सत्काराची शाल अंगावर घेऊन आजी माइकपुढे उभी राहिली. "ही गाडी काल भंगारात जाणार होती," ती म्हणाली. "या तीन पोरांनी डोळे उघडे ठेवले, म्हणून मी तिच्यावर बसून आले. शाल माझी नाही, त्यांची!" आणि तिने खरंच ती शाल तिघांच्या खांद्यांवर मिळून टाकली. टाळ्यांचा गडगडाट झाला. रंजिताला शालीत तोंड लपवावंसं वाटलं.

कार्यक्रम संपला तेव्हा वाहरू नावाचे पावरा समाजाचे एक आजोबा आपली जुनी मोटरसायकल ढकलत आले. "हीपण चढत नाही, पोरांनो. नुसती बोंबलते."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रंजिता गाडीजवळ उकिडवी बसली.

"आजोबा, आधी सांगा, तेल शेवटचं कुणी बदललं?"

सगळ्यांच्या नजरा राजेंद्रकाकांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय? ही मी नाही हं!" काका ओरडले, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

डोंगरसिंग बाबा गाडीपाशी आले, पण वाकले नाहीत. त्यांनी पिशवीतून आपला पाना काढला आणि रंजिताच्या हातात दिला.

"आधी तू दख," ते म्हणाले. "मी मांगे उभा शे."