पहिली छाप

डॉ. उत्तरा खानविलकर सकाळपासून एका फोनची वाट पाहत होती आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं. रत्नागिरीच्या साथदक्षता केंद्राची ती प्रमुख. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी शहराबाहेरच्या टेकडीवर तिनेच जपणूक वसाहत उभारली होती. नव्या फ्लूची चाहूल लागताच सगळी वडीलधारी मंडळी तिथे नेली आणि फाटक लावून घेतलं. योजना आखताना कुणी वादही घातला नव्हता. घरात आधी वडीलधाऱ्यांची पानं मांडायची सवय. प्राणवायू, औषधं, हवेशीर खोल्या, सगळं त्याच हिशेबाने आधी त्यांच्याकडे गेलं.

आणि झालं काय, तर वसाहतीतला एक सेवक गुपचूप चुलतभावाच्या लग्नात जेवून आला. दोन-चार दिवसांत तिथले सगळे काळजीवाहक तापाने आडवे झाले. उत्तराची आई, माई, त्याच वसाहतीत होती.

दुपारी फोन वाजला. माईच होत्या.

"तुझी सेवक पोरं सगळी आडवी पडलीयेत गं. आम्ही पेज करून घालतोय. तांदूळ संपत आलाय, पाठव."

"माई, तुमच्यापैकी कुणाला ताप?"

"आम्हाला काय धाड भरलीये?"

उत्तराला हायसं वाटलं, पण पटेना. तिने वसाहतीतल्या सगळ्यांचं रक्त तपासायला मागवलं. प्रतिकारशास्त्राचा जाणकार फैयाज मुकादम हा तिचा कॉलेजपासूनचा मित्र. दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन आला तो आधी खुर्चीत बसला, चष्मा पुसत राहिला.

"बोल ना," उत्तरा म्हणाली.

"आयुष्यात पहिल्यांदा ज्या फ्लूशी आपली गाठ पडते, त्याची छाप शरीरावर बसते ती कायमची. पुढे त्याच घराण्यातला विषाणू आला, की शरीर त्याला ओळखतं आणि दारातूनच परत पाठवतं. घराणं दुसरं असलं, की चाचपडत बसतं. फ्लूची मोठी घराणी दोन, एक थोरलं, एक धाकटं."

"आणि हा नवा?"

"थोरल्या घराण्यातला. माईंच्या लहानपणी गावोगाव तेच फिरत होतं. तू-मी जन्मलो तोवर धाकटं आलं होतं. या म्हाताऱ्यांना विषाणू शिवला, उत्तरा, पण रुजलाच नाही."

"म्हणजे ज्यांना कोंडून घातलं, त्यांना काही होणारच नव्हतं."

"आणि ज्यांना बाहेर ठेवलं..." फैयाजने अहवाल मिटून टेबलावर ठेवला. उत्तराची एकोणीस वर्षांची मुलगी रेवा विलगीकरण कक्षात होती. रुग्णसेवेला म्हणून गेली आणि तिथेच खाटेवर पडली. आता परिचारिकाही एकेक करून पडत होत्या. तहानलेल्याला पाणी द्यायला माणूस उरला नव्हता आणि उत्तराला आत जायची परवानगी नव्हती. तिला स्वतःचा संताप आला. एवढी शिकले, एवढी तयारी केली, आणि ती नेमकी उलट्या बाजूने.

"उपाय तुलाही दिसतोय, या म्हाताऱ्यांनाच कक्षात सेवेला आणायचं," फैयाज हळूच म्हणाला. "पण नीट समजून घे. ही छाप फ्लूपासून वाचवते, म्हातारपणापासून नाही. माणसं उचलायची, कूस बदलायची, रात्री जागायचं. काही जण दमूनच कोसळतील. माईंचं हृदय कसं आहे, ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणूनच फोन लावायला तिला संध्याकाळ झाली.

"रेवा कशी आहे?" माईंनी आधी तेच विचारलं.

उत्तराने काहीही लपवलं नाही. रेवाचा श्वास, रिकामा पडलेला कक्ष, रक्ताचा अहवाल आणि हृदयाचा धोका, सगळं सांगितलं.

"गाडी पाठव," माई म्हणाल्या.

"माई, तू नाही म्हणालीस तरी चालेल. डॉक्टर म्हणून सांगते, तुला हे झेपणार नाही."

"झेपेल तेवढं करीन. न झेपलं तर खुर्ची घेऊन बसेन तिच्याजवळ."

"बाकीच्यांवर जबरदस्ती नको. विचार फक्त."

"विचारते. पण बापटअण्णा आत्ताच चपला घालून बसतील बघ. इथे पत्ते कुटून कुटून वैतागलेत."

फाटक उघडलं. काही म्हातारे नको म्हणाले, त्यांना कुणी बोल लावला नाही. उरलेले काठ्या टेकत, एकमेकांची थट्टा करत गाड्यांत बसले. आजारी काळजीवाहकांना विलगीकरण कक्षात हलवलं, रिकाम्या खोल्या धुऊन निर्जंतुक केल्या आणि तिथे लेकुरवाळी कुटुंबं राहायला आली. चाळिशीची उत्तराही त्यांच्यात होती. धोका कुणाला, हे नव्याने ठरलं होतं आणि नियम तिलाही लागू होता. फाटकाला बाहेरून कडी घालणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे होते.

विलगीकरण कक्षाचं दृश्य तिच्यासमोरच्या पडद्यावर दिसत होतं. इतके दिवस तिथे पांढऱ्या पोशाखांतली, काचेआडची, बिनचेहऱ्याची माणसं वावरत होती. आता नऊवारी आणि धोतरं हिंडत होती. मुखपट्टी नाही, हातमोजे नाहीत. त्यांना गरजच नव्हती. माई धापा टाकत रेवाच्या खाटेशी पोचल्या, मिनिटभर कठडा धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

रेवाने डोळे उघडले. आजारी पडल्यापासून तिला हातमोज्याविना कुणाचाही हात लागला नव्हता. ती माईंच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"आजी, तुझा हात किती गार आहे."

"असू दे. ताप आहे तुला."

रेवाने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि गालाखाली घेऊन ती झोपी गेली. माईंनी दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली. टेकडीवर उत्तरा पडद्याला अगदी खेटून बसली होती आणि माईंच्या छातीचं वरखाली होणं मोजत होती.