ओट्याखालची फट

मागच्या बागेत लिंबाचं झाड एक, दगडी बाकं दोन, गळका नळ एक, कडा तुटलेल्या कुंड्या सात आणि विटांची एक रास होती. या सगळ्याच्या मधोमध चार माणसं जमली होती आणि त्यांतल्या एकीला शेगडीजवळ जायची मनाई होती!

ती या घरची थोरली सून. बागेत उघड्यावरचं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

धाकट्या जावेने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखणी केली होती. झाडाची पानं पातेल्यात पडू नयेत म्हणून ओटा झाडापासून लांब, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून शेगडीमागे आडवी भिंत... पोरीने डोकं चालवलं होतं खरं!

"इथे शेगडी, म्हणजे मी," टेप गुंडाळत धाकटी म्हणाली. "आणि त्या टोकाला सिंक, म्हणजे तुम्ही, ताई. मध्ये आठ फूट. आता घर जळायची भीती नाही!"

मिस्त्री हसले. थोरलीही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं, खाली उतरलंच नाही... धाकटीच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता, आणि तो दिसला की थोरली नजर वळवत असे.

ती सकाळ! आतल्या स्वयंपाकघरात धाकटीने काडी ओढली आणि ओट्याखालून ज्वाळेचा लोळ उसळला. थोरलीने तिला मागे खेचलं, ओलं कांबळं टाकून आग विझवली आणि खाली वाकून पाहिलं. जुनी नळी जराशी गळत होती, पण खरा घात दुसराच होता: सिलिंडरच्या कपाटातला जमिनीलगतचा झरोका कापडाच्या बोळ्याने गच्च बुजलेला होता. कापड ओळखीचं होतं. सासूबाईंच्या उशीचा फुलाफुलांचा जुना अभ्रा! सासूबाई तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकत्याच घरी आलेल्या. धक्का बसेल असं काही यांच्या कानांवर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरलीने बोळा उपसून पदराआड लपवला आणि घरची माणसं धावत आल्यावर म्हणाली, "सिलिंडर मीच बदलला होता काल. नीट बसवला नाही बहुतेक..."

एवढंच. त्या एका वाक्यानंतर तिच्या हातात लायटर कुणी दिला नाही. ती भाज्या चिरत राहिली, भांडी घासत राहिली, आणि कुणी पाहुणा आला की "आमच्या ताईंना आग चालत नाही हो" हा विनोद मान खाली घालून ऐकत राहिली.

"सिलिंडरच्या कपाटाला खाली फट ठेवायची, की दार जमिनीला टेकवायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"टेकवा!" बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "बागेत उंदीर काय कमी आहेत? बोटभरसुद्धा फट नको."

थोरलीने चमकून बाकाकडे पाहिलं.

"फट हवी, आई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

धाकटीने वळून पाहिलं. "गॅसचं तुम्ही सांगणार, ताई? तुम्ही?"

थोरली मनात तोलू लागली. बोलावं, तर कारण विचारतील; कारण सांगावं, तर त्या म्हाताऱ्या हृदयाचं काय होईल? आणि न बोलावं... तर पुन्हा एखाद्या सकाळी कुणीतरी काडी ओढेल!

"ठरवा हो लवकर, माल सुकतोय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी थापी उचलली.

तशी थोरली पुढे झाली आणि फक्कीच्या रेघेवर चक्क फतकल मारून बसली.

"फट ठेवल्याशिवाय वीट लागणार नाही! हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. वाट मिळाली तर निघून जातो. कोंडला तर..."

"एवढं माहीत होतं तुम्हाला?" धाकटीचा आवाज चढला, पण मध्येच अडखळला. तिने स्वतःच्या डागाकडे पाहिलं. "थांबा. आत तर झरोका होता. मग गॅस साचला कसा?"

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली.

"तो मी बुजवला होता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "उंदीर यायचे म्हणून. आगीनंतर पाहते तर बोळा नाही. मला वाटलं, उंदरांनीच ओढून नेला..." त्यांची नजर थोरलीवर गेली आणि तिथेच खिळली. "तू काढलास?"

थोरलीने मान हलवली नाही. पण भरून आलेल्या डोळ्यांना कोण आवरणार? ती उठून धावली आणि तिने सासूबाईंचं मनगट धरलं. "आई, छातीत दुखतंय का? आत चला, पडा जरा..."

"सोड! काही होत नाही मला!" म्हातारी हुंदका दाबत ओरडली. "माझा दोष डोक्यावर घेऊन फिरलीस, आणि मी शेजारणींना सांगत राहिले, हिच्या हातून घर जळणार होतं... अगं, एकदा तरी बोलायचंस!"

"मला तरी सांगायचं!" धाकटी रडत रडतच भांडायला उठली. "इतकं टोचून बोलले मी तुम्हाला! तुम्ही चांगल्या ठरलात आणि मी कोण ठरले?"

"तू भाजलेली ठरलीस," थोरली म्हणाली. "तुझं रागावणं रास्तच होतं गं."

धाकटीने थोरलीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मिस्त्री नळाकडे तोंड करून उगाचच थापी धूत बसले.

मग धाकटीने पायाने मधली रेघ पुसली, सिंक शेगडीला लागून आखलं आणि मिस्त्रींना सांगितलं, "दाराखाली पूर्ण रुंदीची फट. उंदरांसाठी बारीक जाळी. बोळाबिळा काही नाही!"

ओटा उभा राहिला. पहिल्या दिवशी सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. तरी सासूबाईंचं समाधान होईना. गुडघे दुखत असताना त्या ओट्यासमोर खाली बसल्या, टेपने फट मोजली, पुन्हा मोजली, आणि मगच म्हणाल्या, "दे तिला लायटर."

धाकटीने लायटर पुढे केला. थोरलीने खटका दाबला, पण पहिल्यांदा ठिणगी पडलीच नाही. धाकटी तिथून हलली नाही. थोरलीने पुन्हा खटका दाबला.

ज्योत निळी, उंची दोन बोटं.