अळ्यांचा वाफा

"वहिनी, ही बाग आहे की उकिरडा?"

बादली दाणकन पायरीवर आदळली आणि पाण्याचे शिंतोडे सुनेच्या पायांवर उडाले. नणंद सकाळच्या गाडीने आली होती. चहाचा घोटही न घेता, हातांत रबरी मोजे चढवून तिने थेट मागची बाग गाठली होती. मोठ्या इस्पितळातली परिचारिका ती. घाण दिसली की तिचे हात शिवशिवायचे. आणि आईच्या खिडकीखालच्या वाफ्यात तिला काय दिसावं? चाळण झालेली कोबीची पानं, न उपटता फुलायला सोडलेले मुळे, कमरेएवढं माजलेलं मोहरीचं पिवळं रान... आणि पानोपानी वळवळणाऱ्या हिरव्या अळ्या!

"कोबी उपटून टाकला आणि एकेक वेचून बुडवली मी. बादलीचा तळ दिसेना!" नणंदेचा आवाज चढला. "आईने हाडाची काडं करून ही बाग उभी केली. एक अळी दिसली तरी तिला अन्न गोड लागायचं नाही. आणि तिच्याच डोळ्यांसमोर तू हे... अगं, बागेची ही कळा, तर आईचं काय करत असशील? ते काही नाही. उद्या मी तिला माझ्याकडे घेऊन जाते."

उत्तर होतं सुनेपाशी, पण ते ओठांपर्यंत आणायला त्राण कुठून आणायचं? सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून ती नीट अशी निजलीच नव्हती. नवरा दूर कुठल्याशा पुलाच्या कामावर. त्याचं घरी येणं पाहुण्यासारखं. तिच्या शिवणकामाचं कोण कौतुक होतं एकेकाळी! आता मशीनवर चादर आणि चादरीवर औषधाच्या बाटल्या. सासूबाईंना भरवायचं, पुसायचं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या, पुन्हा वळवायचं... आणि एवढं करून पदरात काय पडलं? उकिरडा!

खरं तर एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता. थंडी सरताना एक पांढरं फुलपाखरू खिडकीशी घुटमळलं होतं आणि त्या दिवसापर्यंत नुसत्या भिंतीकडे बघत पडलेल्या सासूबाई हसल्या होत्या! ओठ वाकडे झालेले, पण हसल्या होत्या. "येऊ दे... अळ्या मारू नको," एवढंच म्हणाल्या. मग वाटाणा, पालक, गाजरं सगळं पाठ मोडेपर्यंत राखून हा एक वाफा सुनेने अळ्यांना आंदण दिला. आता वसंत भरात आला होता आणि खिडकीभर पांढरे पंख भिरभिरत होते. पण सासूबाईंनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरून बजावलं होतं, "चिमीला सांगू नको." लेकीपासून का लपवायचं, ते तिने विचारलं नव्हतं. शब्द दिला होता, तो पाळत होती.

"वन्सं, मला हवं ते बोला," ती कशीबशी म्हणाली. "पण आईंना इथून हलवू नका. त्या खिडकीत जीव आहे त्यांचा..."

"खिडकीत जीव! आळसाला चांगलं नाव शोधलंस हो!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पुसायलाही हात उचलवेना.

"चि...मे!"

खिडकीतून हाक आली. दोघी आत धावल्या. सासूबाईंनी सगळं पाहिलं होतं. चांगल्या हाताने त्यांनी गज घट्ट धरला होता आणि उशी भिजली होती.

"काढ... बाहेर काढ त्यांना."

"कुणाला, आई?"

"अळ्या. मीच राखायला लावल्या हिला... तुला न सांगता. तुझं खोकं... मी बुडवलं होतं."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणीचं ते बुटांचं खोकं! झाकणाला सुईने पाडलेली भोकं, आत कोबीची पानं आणि जिवापाड सांभाळलेल्या अळ्या... "कोबी विकून तुला शिकवते आणि तू अळ्या पोसतेस!" म्हणत आईने ते खोकं बादलीत उलटं केलं होतं. किती रडली होती ती पोर! आणि आईचा धडा किती पक्का गिरवला होता तिने!

"म्हणून मला सांगायचं नव्हतं तुला? पण आई, एवढ्या वर्षांनी... का गं?"

"बघायचं होतं मला," सासूबाईंचे शब्द अडखळत आले, "तू... कशासाठी रडली होतीस."

नणंद धावतच बाहेर गेली. मोजे ओरबाडून काढले, पायरीवर फतकल मारली आणि ज्या बोटांनी ती भल्याभल्यांच्या शिरा शोधायची, त्याच बोटांनी एकेक अळी अलगद उचलून जुन्या पंच्यावर उन्हात ठेवू लागली. सूनही शेजारी बसली. निम्म्या गेल्याच होत्या. बाकीच्यांकडे दोघी श्वास रोखून बघत राहिल्या.

"हलली! वहिनी, ही बघ, हलली!" आणि इस्पितळात कधी डोळा ओला न होऊ देणारी ती बाई हुंदके देऊन रडू लागली.

पण ठेवायच्या कुठे? वाफ्यातला कोबी तर तिने मुळासकट उपटला होता आणि फुलावर आलेल्या मोहरी-मुळ्यांना कोवळं पान उरलं नव्हतं. सुनेने स्वयंपाकघरातून संध्याकाळसाठी ठेवलेला एकुलता एक धड गड्डा आणला.

"म्हणजे आज भाजी नाही," ती म्हणाली, आणि त्या रडण्यातही दोघींना हसू फुटलं.

गड्डा घेताना नणंदेचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. साबणाने सोललेले, भेगाळलेले हात... ते तिने आपल्या हातांत धरले.

"वहिनी, तू शेवटची झोपलीस कधी गं?"

सून आठवू लागली. आठवेना. हे इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं! आवरून धरलेला हुंदका तेवढ्या एका प्रश्नाने फुटला.

"आईला मी कुठेही नेत नाही. मीच राहते इथे," नणंद म्हणाली. "चुकले मी. तू जा, पड जरा."

"पण त्यांना वळवायची वेळ..."

"दुसरं काय करते गं मी आयुष्यभर? जा म्हणते ना!"

मातीच्या पायांनीच सून मशीनशेजारी जमिनीवर आडवी झाली. आतून मायलेकींचा आवाज येत होता. "ते बघ आई, मोहरीवर बसलं... थांब, अजून एक आलं..." त्यावर सासूबाई काहीतरी म्हणाल्या. सुनेला ते ऐकायचं होतं, पण तिचा डोळा लागला होता.